मेसेज फॉरवर्ड होणारच आहे, तसा लिहा

जूनमध्ये आमच्या ऑफिसात एक नवी मुलगी कामाला लागली. बी.कॉम. झालेली, टॅली येतं, हात चलाख. तिसऱ्याच दिवशी तिला म्हटलं, "त्या पार्टीला पेमेंटचा मेसेज टाक गं." तिनं टाकला. दुपारी मी बघितला तर:

"गुड मॉर्निंग सर, होप यू आर डुइंग वेल. सर आमचं पेमेंट पेंडिंग आहे, प्लीज लवकरात लवकर करा ना. थँक यू सर." आणि खाली जोडलेले दोन हात.

तिला रागवायला मला तोंडच नव्हतं. हुबेहूब असेच मेसेज मी स्वतः कित्येक वर्षं पाठवलेत आणि त्याची किंमतही मोजली आहे. संध्याकाळी चहा पिताना तिला जे सांगितलं ते, आणि तेव्हा सांगायचं राहिलं ते, इथे लिहून काढतेय.

भोसरीत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि सासऱ्यांच्या वेळची एक लेथ, जी विकायचा विषय निघाला की घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही. हे खाली मशीनवर, मी वर ऑफिसात. कोटेशन, चलन (मालासोबत जाणारा कागद), बिल, वसुली, उशीर झाला की सारवासारव, रेट वाढवून मागणं, सगळं लिहिणं गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे.

गोष्ट २०१८ सालची. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला आम्ही २५० शाफ्ट दिले. नग ₹६४०, म्हणजे १,६०,०००, वर १८ टक्के जीएसटी २८,८००, बिल ₹१,८८,८०० चं. माल ८ मेला गेला. जून गेला, जुलै गेला, पैसे नाहीत. परचेसच्या साहेबांना मी अकरा मेसेज केले. "सर, पेमेंटचं बघा ना." "सर, काही अपडेट?" "सर, फार गरज आहे हो." ते प्रत्येक वेळी "येस, चेकिंग" म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. सप्टेंबरमध्ये मी स्वतः गेले. अकाउंट्समधल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचं बिल आमच्याकडे आलेलंच नाहीये."

झालं असं होतं की आमच्या चलनावर ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती, 'ए' लिहिलेली आणि त्यांच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, 'बी'. माल 'बी'प्रमाणेच बनवलेला होता, चलन मात्र मी जुन्याची कॉपी मारून काढलं होतं. स्टोअरवाल्यानं माल उतरवून घेतला, नंबर जुळेना म्हणून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्या सिस्टिममधली नोंद, केली नाही आणि चलन एका क्लिपबोर्डला अडकवून ठेवलं. माल वापरून संपलासुद्धा, कागद तिथेच. साहेब माझे मेसेज अकाउंट्सला ढकलायचे, अकाउंट्सला त्यात ना बिल नंबर दिसायचा ना तारीख. त्या बाई म्हणाल्या, "तुमचा मेसेज यायचा माझ्याकडे. पण त्यात शोधायचं काय?"

तिथून येताना टेम्पोत बसून माझ्या डोक्यात जे शिरलं ते हे: आपण ज्याला मेसेज पाठवतो तो आपलं काम करत नसतो. तो मेसेज पुढे फॉरवर्ड करतो. काम करणारा तिसराच कोणीतरी असतो, जो आपल्याला ओळखत नाही, ज्यानं आपला फोन घेतलेला नाही, ज्याला मागचं काही माहीत नाही. मेसेज त्याच्यासाठी लिहायचा, नाव फक्त साहेबांचं घालायचं.

लिहिण्याआधी: कागद कुठे अडकलाय?

माझा निम्मा वेळ आता लिहिण्याआधी जातो. मोठ्या कंपनीत आपला माल आणि बिल एका ठरलेल्या वाटेनं जातात. गेटवर इनवर्ड एन्ट्री, मग स्टोअर, मग क्वालिटीवाले तपासणार, मग जीआरएन, मग बिल अकाउंट्सला, मग महिन्यातल्या ठरावीक तारखांना पेमेंट. बिल यातल्या कुठल्यातरी एका टेबलावर बसलेलं असतं. "पेमेंट कधी?" हा प्रश्न परचेसच्या माणसाला विचारला तर त्याला उत्तर येत नाही, कारण ते त्याच्या टेबलावर नसतंच. आणि उत्तर येत नसलं की माणूस "चेकिंग" म्हणतो.

म्हणून आधी एक फोन. स्टोअरला विचारायचं, "अमुक चलनाची जीआरएन झाली का, नंबर काय?" झाली असेल तर अकाउंट्सला, "सिस्टिमला ड्यू डेट काय दिसतेय?" नसेल झाली तर का नाही. हे तीन मिनिटांचं काम न करता पानभर लिहिलं तरी ते वाऱ्यावर.

फोनवर कळलं की मग लिहायला बसायचं. तेव्हाचा माझा बारावा मेसेज असा होता. मूळ ईमेल इंग्रजीत होता, सांगाडा मात्र हाच:

"विषय: बिल क्र. २१४, ₹१,८८,८००, जीआरएन बाकी
संदर्भ: तुमची पीओ (नंबर), आमचं चलन क्र. ३३१, ता. ८ मे २०१८

साहेब, २५० शाफ्ट ८ मेला तुमच्याकडे पोचले आहेत. गेटच्या शिक्क्याचं चलन सोबत जोडलंय. त्यावर ड्रॉइंग रिव्हिजन 'ए' पडली आहे, माल 'बी'चा आहे. ही चूक आमची. दुरुस्त चलन आणि तपासणी रिपोर्ट जोडला आहे.

स्टोअरला याची जीआरएन करायला सांगाल का? शुक्रवारपर्यंत नंबर मिळाला तर बिल २५ तारखेच्या पेमेंटमध्ये बसतं, असं अकाउंट्समधून कळलं."

चार महिने अडकलेलं काम दोन दिवसांत झालं. पैसे २५ तारखेला खात्यात.

यात कारागिरी काही नाही. पण दोन-तीन गोष्टी बघा. वर 'विषय' आहे आणि खाली 'संदर्भ' आहे. सरकारी मराठी पत्रांची आपण कितीही चेष्टा केली, तरी ही दोन अक्षरं त्यांनी आपल्याला फार मोलाची दिली आहेत. ईमेलला विषयाची जागा असते, संदर्भाची नसते, आणि व्हॉट्सॲपला दोन्ही नसतात. म्हणून ती आपण हातानं घालायची, व्हॉट्सॲपवरसुद्धा. पीओ नंबर, चलन नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम. तिसऱ्या माणसाला सिस्टिममध्ये टाइप करायला एवढंच लागतं.

चूक आपली होती ती एका ओळीत कबूल केली आणि पुढे गेलो. तिच्यावर रडगाणं नाही. मागणं एकच आहे, जीआरएन. पेमेंटचं मागणं त्यात नाहीच, कारण त्या दिवशी पेमेंट कोणाच्या हातात नव्हतं. एका मेसेजात तीन मागण्या घातल्या की समोरचा सगळ्यात सोपी पूर्ण करतो आणि बाकीच्या विसरतो. तीन कामं असतील तर तीन मेसेज पाठवा, नाहीतर नंबर घालून लिहा.

आणि तारीख. "लवकरात लवकर" ही तारीख नव्हे. "शुक्रवारपर्यंत" ही तारीख आहे, पण तीसुद्धा माझ्या गरजेतून काढलेली नाही, त्यांच्या २५ तारखेवरून काढलेली आहे. आमच्या पगाराची तारीख ७ आहे याच्याशी त्यांना काय देणंघेणं?

वसुलीची पायरी

सगळ्यात उपयोगी मेसेज हा मुदत संपायच्या आधी एक आठवडा जातो, आणि त्यात पैसे मागायचेच नसतात.

"मॅडम, बिल क्र. ४०२, ₹९४,४००. तुमच्या सिस्टिमला बुक झालंय ना? ड्यू डेट कोणती दिसतेय, तेवढं कळवाल का?"

याला उत्तर देताना कोणाला अवघड वाटत नाही. आणि उत्तर आलं की ड्यू डेट त्यांच्या तोंडून आलेली असते. पुढच्या मेसेजात लिहायचं, "तुम्ही १८ तारीख कळवली होती." बिल बुक झालंच नसेल तर ते आत्ताच कळतं, चार महिन्यांनी नाही.

मुदत उलटल्यावर दुसरा, साधा, एका बिलाचा. तरी नाही झालं तर तिसरा, ईमेलनं, सगळी थकलेली बिलं ओळीनं: नंबर, तारीख, रक्कम, किती दिवस झाले. शेवटी बेरीज. त्यांच्या वरच्या साहेबांना कॉपी ठेवायची, पण त्याआधी खालच्याला फोन करून सांगायचं, "साहेब, उद्या मी मेल टाकतेय, तुमच्या साहेबांना कॉपीत ठेवतेय." हे सौजन्य मी कधी चुकवत नाही. निम्म्या वेळा तो म्हणतो, "थांबा मॅडम, मी बघतो," आणि मेल टाकावाच लागत नाही.

कायद्याची पायरी त्यानंतरची. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग विकास) कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. २०१७ साली थकबाकीच्या तक्रारींसाठी समाधान पोर्टल आलं. २०२४ च्या १ एप्रिलपासून आयकरातही बदल झाला: मुदतीत न दिलेले पैसे माल घेणाऱ्या कंपनीला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, प्रत्यक्ष देतील त्या वर्षी येतात. जीएसटीत वेगळाच काटा आहे: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांनी घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासकट परत करावं लागतं.

हे सगळं माहीत हवं. लिहायचं मात्र फार जपून. मी कलमाचा नंबर कधी लिहीत नाही. नंबर दिसला की मेसेज त्यांच्या लीगलकडे जातो आणि आपण गिऱ्हाईक गमावतो. मी तारीख लिहिते आणि त्यांचा फायदा लिहिते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाणारा माझा मेसेज असा:

"मॅडम, खालच्या दोन बिलांची ४५ दिवसांची मुदत या महिन्यातच संपते, १८ आणि २४ मार्चला. आमचा उद्यम नंबर बिलावर आहे. ३१ मार्चच्या आत पेमेंट झालं तर दोन्ही तुमच्या याच वर्षाच्या खर्चात बसतील. २५ तारखेच्या पेमेंटमध्ये घेता येतील का?"

धमकी कुठेच नाही, आणि अकाउंट्सवाल्याला जे कळायचं ते कळतं. एक अट: उद्यम, म्हणजे लहान उद्योगांचं सरकारी रजिस्ट्रेशन, आधीपासून हवं आणि नंबर प्रत्येक बिलावर छापलेला हवा. उगाच ऐनवेळी सर्टिफिकेट पाठवलं की ते भांडायला आल्यासारखं दिसतं. आणि हा फायदा माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांचा आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांनी यावर भिस्त ठेवू नये, आपल्या सीएला विचारावं.

'परवा' हा शब्द ऑफिसात वापरू नका

उशिराची बातमी लिहिणं मला वसुलीपेक्षा अवघड जातं. पैसे मागताना आपण खरे असतो, इथे आपण गुन्हेगार.

एकदा ह्यांनी मशीनवरून घाईत एका गिऱ्हाइकाला मेसेज केला: "माल परवा." बास, दोनच शब्द. ह्यांच्या मनात होतं, परवा पाठवतो. समोरच्यानं वाचलं, परवा पाठवला. त्यानं तो आपल्या प्लॅनिंगला ढकलला, त्यांनी दुसऱ्या दिवसाची असेंब्ली लावली, आणि सकाळी नऊ वाजता मला फोन: "मॅडम, तुमची गाडी कुठे आहे?" गाडी दारात होती, रिकामी. मराठीत झालेला परवा आणि होणारा परवा एकच, ही आपल्या भाषेची गंमत घरात ठीक आहे. धंद्यात 'उद्या'सुद्धा नको. सोमवारी लिहिलेला 'उद्या' बुधवारी कोणी फॉरवर्ड केला की तो गुरुवार होतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा: "शनिवार, १४ तारीख, सकाळी ११ पर्यंत". वार आणि तारीख जुळत नसली तर आपली चूक आपल्यालाच आधी दिसते, हा त्यातला बोनस.

सुट्टीही लक्षात ठेवा. भोसरीत आमची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. कोल्हापूरकडच्या आमच्या एका पार्टीची सोमवारी. आम्ही बुधवारी रात्री माल टाकून "उद्या क्वालिटीचं काही असेल तर फोन करा" म्हणायचो आणि शुक्रवारी सकाळी सोळा मिस्ड कॉल बघायचो.

उशीर होणार हे ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी लिहायचं. आपली आशा असते की हार्डनिंगवाला (माल भट्टीत तापवून कडक करून देणारा) रात्रीत करून देईल, टेम्पो लवकर मिळेल, आणि आपण गप्प बसतो. ती आशा आपल्यापाशीच ठेवा. मागे हार्डनिंगवाल्याची भट्टी बंद पडली तेव्हा तासाभरात हा मेसेज गेला:

"साहेब, पीओ (नंबर) चे ५०० बुश, शुक्रवार १३ ला द्यायचे होते. २०० तयार आहेत, शुक्रवारीच सकाळी ११ पर्यंत पोचतील. उरलेले ३०० सोमवार १६ ला, दुपारी ३ पर्यंत. हार्डनिंगवाल्याची भट्टी आज बंद पडली, ३०० नग दुसरीकडे हलवले आहेत. २०० मध्ये तुमची असेंब्ली सोमवारपर्यंत चालेल ना? नसेल तर आज ५ पर्यंत कळवा, म्हणजे शनिवारी रात्री १०० आणखी काढायचं बघतो."

क्रम बघा. आधी त्यांना काय मिळतंय, मग कधी, मग कारण, एका ओळीत. शेवटी असा प्रश्न ज्याचं उत्तर त्यांनाच माहीत आहे. "थोडा उशीर होईल, ॲडजस्ट करा" यात समोरच्याला काहीच करता येत नाही. थोडा म्हणजे किती? दोन तास की दोन आठवडे? त्याला त्याच्या साहेबांसमोर जाऊन काहीतरी आकडा सांगायचा असतो. तो आपण दिला नाही तर तो स्वतः बनवतो, आणि तो बनवलेला आकडा नंतर आपल्या गळ्यात.

रिजेक्शनचं उत्तरही याच चालीचं: आज त्यांची लाइन चालू ठेवायला आपण काय करतोय ते आधी. "आमचा माणूस गेजसह १२ पर्यंत तुमच्याकडे पोचतो, उरलेले २३२ नग तिथेच चेक करून देतो." कारण दोन दिवसांनी, तपासून. मी एकदा घाबरून लगेच लिहून टाकलं की ऑपरेटर नवा होता. निघालं होतं टूल झिजलेलं. मग तोच मेसेज पुढच्या ऑडिटला माझ्यासमोर ठेवला त्यांनी.

रेट वाढवून मागताना

इथे बहुतेक जण "वाढती महागाई लक्षात घेता" असं सुरू करतात. महागाई परचेसवाल्यालाही आहे, त्याच्याही घरी गॅस आहे. त्याला लागतो तो वरच्या साहेबांपुढे ठेवायला हिशेब. तोच करून द्यायचा. (बार म्हणजे शाफ्ट ज्यातून बनतो ती धातूची सळी.)

"एका शाफ्टला ४.२ किलो बार लागतो. बारचा भाव मागच्या कोटेशनपासून किलोला ₹६ वाढला, दोन्ही बिलं जोडली आहेत. ४.२ × ६ = ₹२५.२०. म्हणून रेट ₹६४० चा ₹६६५ करावा ही विनंती. मशीनिंगचा रेट आहे तोच. हातातल्या पीओ जुन्याच रेटनं पुऱ्या करू. नवा रेट १ तारखेनंतरच्या पीओला."

मी वीस पैसे सोडले, हे त्यांच्या लक्षात येतं. मशीनिंगला हात लावला नाही, हेही. आधी आम्ही ₹७० मागून ₹३० वर यायचो. त्यात सहा आठवडे जायचे आणि दोन्हीकडे चीड. हिशेब मांडून दिला की घासाघीस होते ती बारच्या वजनावर, आणि ते वजन करून दाखवता येतं. अर्थात बारचा भाव उतरला की हाच हिशेब घेऊन ते आपल्याकडे येतात. आलेले आहेत. तेव्हा मुकाट्यानं कमी करायचे.

भाषा कुठली, सूर कुठला

समोरचा ज्या भाषेत फोनवर बोलतो त्या भाषेत व्हॉट्सॲप, आणि त्यांची कंपनी ज्या भाषेत चालते त्यात ईमेल. आमच्याकडे परचेसशी मराठी, एका स्टोअरवाल्या भैयाजींशी हिंदी, मेल इंग्रजीत. इंग्रजी कच्चं असेल तर वाक्यं छोटी करा, तेवढ्यानं भागतं. "किंडली डू द नीडफुल" मात्र काढून टाका. नीडफुल म्हणजे काय, हेच तर त्याला सांगायचं होतं.

मराठीत लिहिताना क्रियापद सांभाळा. "जीआरएन करावी" म्हटलं की तहसील कचेरीतून पत्र आल्यासारखं वाटतं. "करा ना" म्हटलं की भावाकडे हट्ट धरल्यासारखं. "कराल का?" यात मान आहे आणि उत्तराची अपेक्षाही आहे. 'सदर', 'उपरोक्त', 'सबब' हे शब्द माझ्या सासऱ्यांच्या पत्रांत शोभायचे. ते इनलँड लेटरवर 'स. न. वि. वि.' पासून सुरू करून 'कळावे' पर्यंत यायचे आणि मधल्या चार ओळींत माल, भाव, तारीख, टेम्पोचा नंबर सगळं असायचं. त्यांची पत्रं अजून कपाटात आहेत. मायना जुना, पण एकही ओळ फुकट नाही.

साहेब, सर, मॅडम यात कंजूषी नको, पण एका मेसेजात एकदा पुरे. दर वाक्याला 'सर' आला की समोरचा आपल्याला पुढच्या आठवड्यावर टाकतो.

व्हॉइस नोट धंद्यात पाठवू नका. ती फॉरवर्ड केली तर कोणी ऐकत नाही, आणि सहा महिन्यांनी शोधायची म्हटलं तर सापडत नाही. फोन मात्र जरूर करा. फक्त ठेवल्याबरोबर तीन ओळी टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे: २०० नग, ₹६६५, पहिली डिलिव्हरी २० तारखेला. काही चुकलं असेल तर सांगा." एका साहेबांशी माझा रेट फोनवर ठरला होता, अगदी सौहार्दानं. महिन्याभरात त्यांची बदली झाली. नवीन आलेले म्हणाले, "मॅडम, असं काही माझ्याकडे लिहिलेलं नाही." लिहिलेलं माझ्याकडेही नव्हतं.

जोडलेल्या फाइलला नाव द्या. फोननं दिलेल्या आकड्यांच्या माळेऐवजी "बिल २१४, आमचं नाव, मे २०१८". चलनाचा फोटो काढताना टेबलावर सरळ ठेवून, शिक्का दिसेल असा. तिरका, अर्ध्या अंगठ्यासकट काढलेला फोटो आला की मला स्वतःलाच उघडावासा वाटत नाही.

आणि एक गोष्ट मेसेजवर कधीच करायची नाही: बँक खात्याचा बदल. "आमचं खातं बदललंय, पुढचं पेमेंट इथे करा" असा मेल कोणाकडूनही, अगदी ओळखीच्या पत्त्यावरून आला, तरी आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं. मेलात दिलेल्या नंबरवर नाही. आम्ही बिलावर खाली छापूनच टाकलंय: "खातं बदललं तर आम्ही फोन करू आणि लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी कळवू."

पाठवण्याआधी माझी एक चाचणी आहे. मोठ्या रकमेचा किंवा भांडणाचा मेसेज असेल तर मी तो जेवणाच्या सुट्टीत ह्यांच्या हातात देते. हे डबा खाता खाता, अत्यंत अनिच्छेनं, एकदाच वाचतात. मग मी फोन काढून घेते आणि विचारते: कोणी काय करायचंय? कधीपर्यंत? उत्तर आलं तर पाठवते. "ते काहीतरी जीएसटीचं..." असं आलं तर परत लिहिते. रागात लिहिलेला मेसेज रात्री पाठवत नाही. सकाळी तो निम्मा होतो.

तर त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी मेसेज नव्यानं लिहिला. आधी स्टोअरला फोन केला, जीआरएन नंबर घेतला. मला म्हणाली, "काकू, गुड मॉर्निंग ठेवू का?" म्हटलं, ठेव, पण बिल नंबर त्याच ओळीत येऊ दे, म्हणजे न उघडता दिसेल. तिनं लिहिलं:

"गुड मॉर्निंग सर, बिल क्र. ११८, ₹७०,८००. जीआरएन झाली आहे (नंबर, ता. ९ मे). आजपर्यंत पेमेंट आलेलं नाही. २५ जूनच्या पेमेंटमध्ये घ्यायला अकाउंट्सला सांगाल का?"

साहेबांनी नुसता अंगठा पाठवला. ती हिरमुसली. पण तासाभरानं एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, अकाउंट्समधून: "नोटेड, २५ च्या रनला घेतलंय." तिनं तो नंबर सेव्ह केला.

पैसे आले २६ ला. २५ तारखेला गुरुवार होता, त्यांची कंपनी बंद. कॅलेंडर बघायचं मी तिला सांगितलंच नव्हतं.